सकाळी उठल्यापासून सांग

आमच्या कळंब-मंचर पट्ट्यात एक विनोद चालायचा. कुणी नोकरीचा अर्ज हातात घेऊन गोंधळलेला दिसला की माणसं म्हणायची, "अर्ज भरायला नुस्ता हात असून भागत न्हाई राव, डोके लागतात." परगावच्या पाहुण्याला वाटायचं, यांचं व्याकरण चुकलं. आम्हाला ठाऊक होतं की चुकलेलं नाही. डोके हे आमच्याकडचं आडनाव, आणि लागायच्या त्या डोके बाई.

अलका डोके बाई आमच्या हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवायच्या. हायस्कूल विनाअनुदानित होतं. म्हणजे शिक्षकांच्या पगाराला सरकारचा पैसा नाही. संस्था जमेल तेव्हा जमेल तेवढं देणार, आणि "यंदा अनुदान येतंय" हे वाक्य दर जूनला पावसाच्या अंदाजासारखं ऐकायचं. मी दहावीत होते त्या वर्षी बाई रुजू झाल्या. पहिल्या दिवशी वर्गात शिरताना उंबऱ्याला अडखळल्या, पडता पडता वाचल्या, आणि "शुभारंभ झाला" म्हणत फळ्याकडे वळल्या. त्या क्षणी वर्ग त्यांचा झाला.

उंचीने बेताच्या, आवाजाने मोठ्या. चालणं असं की मागून येणाऱ्याला पळावं लागे. आणि बोलायच्या दोन भाषा. शाळेत 'नाही', 'होते', 'आम्ही'. शाळेचं फाटक ओलांडलं की 'न्हाई', 'व्हतं', 'आमी'. एकदा वर्गातल्या एकाने धीर करून विचारलं, "बाई, तुमची खरी भाषा कंची?"

बाई म्हणाल्या, "साडी आणि गाऊन दोन्ही माझेच आहेत. बाहेर जाताना काय घालायचं तेवढं कळलं पाहिजे."

अर्ज भरायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं ते वर्गातल्याच एका मुलाच्या मोठ्या भावामुळे. त्याचा अर्ज कुठल्याशा कचेरीतून परत आला होता. 'जन्मठिकाण' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'घरीच'. आणि 'वैवाहिक स्थिती' पुढे, 'बरी आहे'. बाई तो अर्ज वाचून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग अर्जाची नीट घडी घातली. म्हणाल्या, "त्यानं खोटं कुठं लिहिलंय? विचारनाऱ्याची भाषा त्याला कुनी शिकवलीच न्हाई." त्या रविवारी त्यांनी त्याला घरी बोलावलं. पुढच्या रविवारी तो दोघांना घेऊन आला. असं करत करत बाईंची पडवी रविवारी भरू लागली.

बाईंचं घर मळ्यात होतं. पडवीत एका बाजूला कांद्याच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला कॅरमबोर्ड. हा कॅरमबोर्ड त्यांच्या यजमानांनी, बाळूभाऊंनी, लग्नाआधी कुठल्यातरी स्पर्धेत जिंकलेला. अर्ज त्यावर भरायचे, कारण तेवढी गुळगुळीत जागा घरात दुसरी नव्हती. आधी फडक्याने पावडर पुसायची, मग मधोमध, राणीच्या जागी, अर्ज ठेवायचा. चार बाजूंना चौघं बसायचे. पेन कुणी हातात घ्यायचं नाही. बाई उभ्या राहून जाहिरात मोठ्याने वाचून घेत, धडा वाचून घ्यावा तशी, आणि मग एकच प्रश्न विचारत, "जाहिरात काय मागती?" आपल्याला काय वाटतं ते नाही, शेजारचा काय म्हणाला ते नाही. जाहिरातीत छापलंय काय, तेवढंच सांगायचं.

चहा अर्ज पुरा झाल्यावर. "अर्जाला चहा आवडत न्हाई," म्हणायच्या.

रकाना म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला आमच्याच भाषेत सांगितलं होतं. रकाना म्हणजे वाफा. पाणी वाफ्यात राहिलं पाहिजे, बांध फुटून शेजारी जाता कामा नये. आणि वाफ्याला जसा बांध, तसं शब्दाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा मोकळी सोडायची. "पुढं काय आठवंल सांगता येत न्हाई. जागा ठेवली आसंल तर माणूस बसतो." खाडाखोड बिलकूल नाही. व्हाइटनरचा तर त्यांना मनापासून राग. "अर्जाला चुना लावायचा न्हाई." आणि शेवटचा नियम, जो त्या सगळ्यांना बजावायच्या: आपला अर्ज आपण तपासायचा नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्याने मोठ्याने वाचायचा. "आपल्या भाकरीचा करपट वास आपल्याला येत न्हाई."

फोटोचंही तसंच. मंचरच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायचा, तर अंगावर धड कपडा हवा. बाईंनी स्वतः विणलेला एक निळा स्वेटर होता. तो खुंटीवरून काढून त्या हातात देत. मुलगा असो की मुलगी, स्वेटर तोच. वरची गुंडी लावली की आतलं काही दिसायचं नाही, चेहरा तेवढा उजळ दिसायचा. पुढे असं झालं की भर मे महिन्यात पुण्याला एका मुलाखतीला आमच्या गावची चार पोरं एकापाठोपाठ आत गेली. चौथ्या मुलाच्या अर्जावरचा फोटो बघून साहेबांनी विचारलं, "काय हो, तुमच्या गावात थंडी फार असते का?"

मुलगा प्रामाणिक. म्हणाला, "न्हाई सर. स्वेटर एकच असतो."

त्याला नोकरी लागली. बाईंना ही हकिकत इतकी आवडली की पुढे स्वेटर देताना त्या म्हणायच्या, "जपून वापर, याची वट हाय."

पत्त्याची गोष्ट तर अजून सांगतात. किसन दत्तू भोर नावाची दोन माणसं गावात होती. चुलत घराण्यातली, नावं फिरून फिरून तीच. एक विशीतला, पोलीस भरतीचा अर्ज केलेला. दुसरे सत्तरीचे, ज्यांना सगळे किसनबाबा म्हणत. भरतीचं पत्र पोस्टमनने वडीलधारे म्हणून बाबांच्या हातात ठेवलं. बाबा रविवारी धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन बाईंच्या पडवीत हजर.

"बाई, सरकारनं बोलावलंय. पळायला लावत्यात म्हनं. जायला पायजे का?"

"बाबा, तुमी अर्ज केला व्हता का?"

"न्हाई. पन इतक्या मानानं बोलावलंय, नको कसं म्हनायचं?"

बाईंनी बाबांना चहा पाजला, पत्र खऱ्या किसनकडे पोचवलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाच्या पत्त्यात मळ्याचं नाव घालायला लावलं. बाबा मात्र गावात सांगत राहिले की आपल्याला पोलिसात बोलावलं होतं, आपणच गेलो नाही.

पण बाईंची खरी ओळख पटायची ती 'अनुभव' आणि 'इतर माहिती' या रकान्यांपाशी. आमच्यापैकी प्रत्येकजण तिथे पोचला की एकच शब्द लिहायचा: निरंक. कचेरीतला शब्द. काही नाही, शून्य, असं सभ्य भाषेत सांगणारा. तो लिहिताना आम्हाला फार बरं वाटायचं, कारण अख्ख्या अर्जात तेवढा एकच शब्द साहेबी होता.

बाईंना तो शब्द दिसला की त्या पेनाचं टोपण लावायच्या, मांडी घालून समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "सकाळी उठल्यापासून सांग."

मंदाचं मला अजून आठवतं. मंदा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. शिकायला आमच्या गावात मावशीकडे राहिलेली, भात लावणीला तेवढी घरी जायची. दहावी झाली होती, आणि तिच्या गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती. बोलणं इतकं कमी की बाईंनी तिचं नाव दोनदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं. अनुभव, निरंक.

"सकाळी उठल्यापासून सांग."

"काय सांगू? झाडलोट. पानी. भाकरी."

"मंग?"

"मंग आई भात लावायला जाती."

"तू जात न्हाई?"

"मी घरी. पोरं असत्यात."

"कंची पोरं?"

"वस्तीवरची. सगळ्या बाया लावणीला जात्यात, तान्ही पोरं माझ्यापाशी ठिवत्यात."

"किती?"

"कधी पाच, कधी सात. त्यांना नाचणीची पेज भरवायची, निजवायचं. एक रडलं की सगळी रडत्यात, मंग गानं म्हनायचं."

बाई म्हणाल्या, "आन हे निरंक व्हय गं?"

मंदा हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. बाईंनी तिच्याच हाताने लिहून घेतलं, 'भात लावणीच्या हंगामात वस्तीवरील लहान मुलांचा सांभाळ, आहार व झोप यांची जबाबदारी.' एकही शब्द फुगवलेला नव्हता. त्याबाबत बाई कडक होत्या. एका मुलाने 'ढोल-लेझीम पथकात सहभाग' असं लिहिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ढोल वाजवला का धरला?"

"धरला."

"मंग धरला लिही. धरनारा नसंल तर वाजवनारा काय करनार हाय?"

मंदाला ती जागा मिळाली. मलाही पुढे मिळाली. तालुक्याच्या कचेरीत लिपिक म्हणून. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि माझ्या अर्जातही आधी निरंकच होतं. बाईंनी सकाळपासून सांगायला लावलं तेव्हा कळलं की आमच्या सगळ्या वस्तीची पत्रं मीच वाचत आणि लिहीत होते. मला ते काम वाटलंच नव्हतं.

हे सगळं चालू असताना बाळूभाऊ मात्र टोमणे मारायचे. ते टेम्पो चालवायचे. पहाटे टोमॅटो घेऊन नारायणगावला जायचे आणि दुपारी पडवीत येऊन गोण्यांना टेकून बसायचे. बायकोला सगळ्यांदेखत 'मास्तरीणबाई' म्हणायचे.

"मास्तरीणबाई, गावाला नोकऱ्या लागून ऱ्हायल्या. आपल्या घरचं काय?"

"येईल की अनुदान."

"अनुदानाचं नको सांगू. माझा टेम्पोबी दुसऱ्या धक्क्याला सुरू व्हतो. तुझं अनुदान किती धक्के खातंय?"

सगळे हसायचे, बाईही हसायच्या. पण त्या हसण्याखाली काय होतं ते आम्हाला दिसायचं. अनुदानित शाळेतली कायमची नोकरी बाईंना हवी होती. पगारासाठी तर होतीच. पण आपण शिक्षिका आहोत हे कुणीतरी कागदावर मान्य करावं, हे जास्त होतं. जाहिरात आली की त्या अर्ज करत. मात्र स्वतःचा अर्ज त्या पडवीत कधी भरत नसत. स्वयंपाकघरात, दार लोटून, एकट्या. कुणी विचारलं तर म्हणत, "माझा काय बघायचा? हात बसलाय." त्या अर्जांना मुलाखतीचं बोलावणं कधीच आलं नाही. आणि आता वयाची अट जवळ आली होती. येत्या जूनमध्ये बाई ती ओलांडणार होत्या. त्यानंतर कितीही सुरेख अर्ज भरला तरी कुणी उघडून बघणार नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका जुन्या अनुदानित शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा निघाली. हा शेवटचा अर्ज, हे सगळ्यांना माहीत होतं. मी सुट्टीला घरी आले होते, मंदाही मावशीकडे आलेली, म्हणून रविवारी आम्ही दोघी बाईंकडे गेलो. पडवीत नेहमीची पाच-सहा पोरं होती. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती, आणि सकाळी बाळूभाऊ टेम्पोतून परत येताना तो देणार होते. बाई आत पोहे करत होत्या. बाळूभाऊंनी गोणीमागून प्लॅस्टिकच्या पिशवीतला अर्ज काढला आणि माझ्या हातात दिला.

"सुनंदा, वाच जरा मोठ्यानं. हिनं आजवर कुनाला दावला न्हाई. मला वाचता येतं, पन कुठं काय चुकलं ते कळत न्हाई."

आतून आवाज आला, "अवो, ठेवा ते. पाकीट बंद करायचंय."

"नियम नियम हाय," बाळूभाऊ म्हणाले. "आपली भाकरी आपल्याला करपट लागत न्हाई. तूच सांगतीस ना?"

मी वाचायला लागले. आडनाव, नाव, पतीचे नाव. अक्षर असं की छापलेल्यापेक्षा हातचं बरं वाटावं. पत्ता, मळ्याच्या नावासकट. शिक्षण, सगळं ओळीत. मग अध्यापनाचा अनुभव.

मी थांबले.

"वाच की," बाळूभाऊ म्हणाले.

"निरंक," मी वाचलं.

बाई झारा हातात घेऊन दारात आल्या होत्या. आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तसं न्हाई. आमच्या शाळेला मान्यता हाय, पन माझ्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता आलेली न्हाई. कागद वर पडून हाय. मान्यता न्हाई तर तो अनुभव धरत न्हाईत. लिहिला तर खोटं व्हईल."

"सगळ्या अर्जात आसंच लिव्हलं?" बाळूभाऊंनी विचारलं. यावेळी टोमणा नव्हता.

"मंग काय लिहिणार?"

एवढ्यात मंदा, जी दोन वाक्यं सलग बोलायची नाही, ती कॅरमबोर्डासमोर सरकली, पेनाचं टोपण लावलं, मांडी घातली आणि म्हणाली, "बाई, सकाळी उठल्यापासून सांगा."

आधी एक पोरगं फिसकन हसलं, मग सगळे. बाईही हसल्या. पण डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्या पोह्यांकडे जायला वळल्या. बाळूभाऊंनी झारा काढून घेतला. "पोहे मी बघतो. तू बस."

बाई बसल्या. मंदा म्हणाली, "जाहिरात काय मागती?"

"तुला म्हाईत हाय का काय मागती ती?"

"वाचा की मोठ्यानं. उभं ऱ्हावून."

बाई खरंच उभ्या राहिल्या. जाहिरातीचं कात्रण डोळ्यांसमोर धरलं आणि वाचलं, "अध्यापनाचा अनुभव असल्यास नमूद करावा." परत एकदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना आवाज हळू झाला. त्यात 'मान्यताप्राप्त' हा शब्द नव्हता. आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट, जाहिरात मागते तेवढंच बघायचं, ती त्यांनी स्वतःसाठी कधी केलीच नव्हती. त्यांना जे नाकारलं जाईल असं वाटत होतं, ते त्यांनी आधीच स्वतःला नाकारून टाकलं होतं.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "आता शाईनं लिहिलंय. आन नवे फॉर्म द्यायचं ऑफिसनं कालच बंद केलंय."

"व्हाइटनर लावू," एक पोरगं म्हणालं.

"माझ्या अर्जाला? चुना?" बाई इतक्या दुखावल्या की ते पोरगं गोणीमागे सरकलं. "आन खोडलेला अर्ज पहिला बाजूला पडतो."

मग त्यांनी अर्ज राणीच्या जागी ठेवला आणि त्या एका शब्दाकडे बघत राहिल्या. आम्हीही बघत राहिलो. शब्द रकान्याच्या मधोमध होता. दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. बोटभर काय, चांगली चार बोटं. आयुष्यभराची सवय.

बाईंच्या चेहऱ्यावर आधी काही दिसलं नाही. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं. त्यांनी टोपण काढून दातात धरलं आणि 'निरंक'च्या अलीकडे, मुंगीच्या पावलांएवढ्या पण स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मान्यताप्राप्त :'. मग शब्दाच्या पलीकडे स्वल्पविराम देऊन लिहिलं, 'मान्यता प्रलंबित : सात वर्षे, इ. ८ वी ते १० वी, मराठी व इतिहास.'

एक अक्षर खोडलं नाही. निरंक जिथल्या तिथे होतं, आणि आता ते खरं होतं.

"वाच," त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचला. बाळूभाऊ दारात झारा घेऊन उभे होते. म्हणाले, "मास्तरीणबाई, सात वर्षं एका वाफ्यात बसवली की." पोह्यांना त्या दिवशी करपट वास होता. तो सगळ्यांना आला, कुणी बोललं नाही.

बोलावणं आलं. बाई मुलाखतीला गेल्या तेव्हा उकडत होतं, तरी निळा स्वेटर पिशवीत घेऊन गेल्या. शकुनाचा म्हणून. त्या वेळी मी गावी नव्हते, पण बाईंनी ती मुलाखत नंतर इतक्या वेळा करून दाखवली की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. समितीत तिघं होते. मधल्या वयस्कर गृहस्थांनी अर्ज चष्म्याजवळ नेला, ती बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "बाई, मान्यता नसताना सात वर्षं कशी काय शिकवलीत?"

बाईंनी तयारी केली होती. शासन निर्णय, प्रस्तावाची तारीख, सगळं पाठ होतं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. आलं ते असं, "पोरांना मान्य व्हतं."

ते गृहस्थ हसले. शेजारच्या दोघांकडे बघून परत हसले. पुढे त्यांनी एक कविता शिकवून दाखवायला सांगितली, आणि ते तर बाईंच्या डाव्या हातचं काम. जूनच्या आत नेमणुकीचं पत्र घरी आलं. आडनाव, नाव, मळा, सगळं बरोबर.

बाईंना मात्र एकच खंत. "इतकी वर्षं जपलं गं मी. आन मोक्याच्या येळेला 'व्हतं' म्हनाले. गाऊन घालूनच गेले की मी मुलाखतीला."

नवी शाळा लांब होती. पुढे त्यांनी तिकडेच घर केलं आणि पडवीतले रविवार संपले. मी लग्नानंतर नारायणगावला राहायला गेले, आमच्या भेटी कमी झाल्या. मधल्या काळात अर्ज बदलले. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं, हायवेच्या कडेने सायबर कॅफे निघाले, आणि पोरं अर्ज कॉम्प्युटरवर भरू लागली. मला वाटायचं, डोके बाईंचं काम आता संपलं. रकाना आपोआप आखलेला, बांध फुटायची सोय नाही, आणि रिकामा ठेवला तर यंत्रच लाल तारा दाखवून अडवतं.

दोनेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी मंचरला एसटीची वाट बघत उभी होते. समोर एक सायबर कॅफे, पुढची भिंत काचेची. आत एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. त्या उन्हात अंगात निळा स्वेटर, वरची गुंडी लावलेली. पडद्यावर अडकवलेल्या लहानशा कॅमेऱ्याने बहुतेक नुकताच तिचा फोटो काढला होता. शेजारी स्टुलावर, पाठमोरी, मांडी घालून एक बाई. स्टुलावर मांडी घालून बसणारी बाई मला जगात एकच माहीत होती.

मी रस्ता ओलांडून दारापर्यंत गेले. हाक मारणार होते. पण मुलगी काहीतरी बोलत होती, बोटं मोजत, आणि बाई तिच्याकडे बघत होत्या, पडद्याकडे नाही. पडद्यावरच्या एका चौकटीत तीन इंग्रजी अक्षरं होती, निरंकच्या अर्थाची. कॅफेवाला पोरगा काउंटरवरून म्हणाला, "मॅडम, तास झाला. पुढचं गिऱ्हाईक थांबलंय."

बाईंनी मान न वळवता हात वर केला.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "तिचं आजून दुपारपोतरच आलंय."